बाजारातली रीतभात

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



बाजारहाट करताना पाळावयाची रीतभात, हा विषय मला देण्यात आला तेव्हा एकदोन मैत्रिणी हसल्या. लग्नकार्यातली रीत असते, सभेतली असते. भाजी आणण्यात कसली आली आहे रीत! पण घरी आलेल्या पाहुण्याशी आपण सगळ्याच गोड बोलतो. जिच्याशी आपले वीस-तीस रुपयांपुरतेच काम, तिच्याशी आपण कशा बोलतो, हे मात्र सोबत आलेली मुले टक लावून पाहत असतात.

प्रथम भाजी निवडण्याविषयी. भेंडी जून आहे का, हे पाहावयास आपण शेंडा मोडतो. दुधी कोवळा आहे ना, म्हणून नख लावतो. घ्यायची असते पाव किलो, आणि मोडलेल्या निम्म्या भेंड्या परत ढिगात जातात. दिवसभर पाचपन्नास जणींनी असे केले की संध्याकाळी त्या बाईच्या पाटीत शेंडेमोड्या भेंड्या आणि नखांचे काळे डाग पडलेले दुधीच उरतात. तो माल मग कोणीच घेत नाही. म्हणून एखादीच मोडून पाहावी, आणि मोडलेली आपल्याच पिशवीत घालावी. नाहीतर सरळ म्हणावे, “मावशी, कोवळी बघून द्या.” विश्वास टाकला की बहुतेक जणी चांगलीच काढून देतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट भावाची. घासाघीस करण्यात कमीपणा नाही, मीही करते. पण ती वजनाआधी करावी. सुरण कापून तागडीत पडल्यावर “राहू दे, पलीकडे स्वस्त आहे,” असे म्हणून निघून गेलो, तर तो तुकडा तिने कोणाला विकावा? वर मिरची-कोथिंबीर मागण्याची चाल जुनीच आहे. तिने हसून दिली तर घ्यावी, हात घालून उचलू नये.

वाण्याच्या दुकानातही हेच. रांग असताना “माझे एकच आहे हो” म्हणून पुढे घुसू नये. तिच्यातली प्रत्येकजण घरी काहीतरी चुलीवर ठेवूनच आलेली असते! महिन्याची उधारी असेल तर ठरल्या तारखेस वहीचा हिशेब चुकता करावा. सामान घेऊन तीन जिने चढून आलेल्या मुलाला आधी पाणी विचारावे, मग यादी ताडून पाहावी.

आता कोणी म्हणेल, इतके सौजन्य दाखवले तर फसवणूकच व्हायची. भगिनींनो, सौजन्य म्हणजे भिडस्तपणा नव्हे. देशात १९५८ सालापासून शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येऊ लागले, ते सर्वत्र एकच माप असावे म्हणून. आज २००९ सालचा वैधमापन कायदा आहे. त्यानुसार दुकानातील काट्याची मुदतीने पडताळणी होऊन त्यावर शिक्का असावा लागतो. पाकिटावरील छापील किमतीहून अधिक पैसे मागता येत नाहीत. तेव्हा “दादा, काटा शून्यावर आहे ना?” असे विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही. तांदळात किडे निघाले तर पावती घेऊन जावे आणि मालकाशी बोलावे. पुड्या बांधणाऱ्या पोरावर ओरडून काय साधणार?

१९७२ साली मुंबईच्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या. धान्य, तेल, रॉकेल रास्त भावात मिळावे, ही त्यांची मागणी सरकारपाशी होती. भांडण कोठे करावे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आपला राग मात्र पुष्कळदा पदपथावर बसलेल्या बाईवर निघतो, कारण ती उलट बोलत नाही. ती पहाटे अंधारात उठून घाऊक बाजारातून माल आणते. तो रात्रीपर्यंत विकला गेला नाही तर बराचसा फुकट जातो. तिच्याशी पाच रुपयांसाठी शब्द वाढवताना एवढे ध्यानात असू द्यावे.

उद्या सकाळी आपण पिशव्या घेऊन निघालच. ‘ए भाजीवाली’ऐवजी ‘मावशी’ म्हणावे, भाव आधी ठरवावा, काटा नीट पाहावा, सुटे पैसे जवळ ठेवावेत. सुरुवातीस एवढे पुरे आहे.