रक्तातील ठिपके



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास आणि अध्यात्म ह्यांचा अधिकार मोठा. तेथे गुरांच्या डॉक्टराने उभे राहून मांजराच्या रक्ताविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. चालकांनी धाडस केले आहे. त्याचे फळ आपण सर्वांनी मिळून भोगावयाचे आहे.

माझ्या नोकरीची काही वर्षे भामरागडला गेली. पामुलगौतमी, इंद्रावती आणि पर्लकोटा ह्यांच्या संगमावरचे ते गाव. पर्लकोटेला पूर आला म्हणजे पुलावरून पाणी जाई आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. अशाच एका पावसाळ्यात तेथील एका शिक्षकबाईंनी आपला बोका टोपलीत घालून माझ्याकडे आणला. कान फाटलेला, अंगात ताप, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या, आणि अंगावर पिसवा किती म्हणून सांगू!

"डॉक्टरसाहेब, ह्याला कावीळ झाली का हो?" बाईंनी विचारले.

मी नळीत रक्त घेतले. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध होतेच. बोक्याला पेनिसिलिन टोचले. पूर ओसरल्यावर नळी एसटीने तपासणीला गेली. "जंतू दिसत नाहीत," असे उत्तर आले, तेव्हा बोका मरून चार दिवस झाले होते. ह्यात मी दोन चुका केल्या, आणि आजचे व्याख्यान त्या दोन चुकांचेच आहे.

मांजराच्या तांबड्या पेशींवर बाहेरून चिकटून राहणारा एक अतिसूक्ष्म जंतू आहे. दक्षिण आफ्रिकेत १९४२ साली त्याचे वर्णन झाले. १९५३ साली अमेरिकेत त्याच्यामुळे होणाऱ्या मांजरांच्या पंडुरोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याला पुष्कळ वर्षे हीमोबार्टोनेला म्हणत आणि रिकेट्सियांच्या पंक्तीला बसवीत. ह्या शतकाच्या आरंभी जनुकांची ताडणी करून त्याला मायकोप्लाझ्माच्या कुळात घेतले. आता त्याचे नाव मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस. ही नुसती पंडितांची करमणूक समजू नका. पेनिसिलिन घाव घालते ते जंतूच्या पेशीभित्तीच्या बांधणीवर, आणि मायकोप्लाझ्माला भिंतच नसते! जेथे भिंत नाही तेथे सुरुंग कोठे लावणार? ही माझी पहिली चूक. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातील डॉक्सिसायक्लिन जंतूचे प्रथिन बनविण्याचे काम बंद पाडते, म्हणून ते लागू पडते.

दुसरी चूक नळीची. नळीतल्या त्या औषधात रक्त काही वेळ राहिले की हे ठिपके पेशींवरून सुटतात आणि मग तपासणाऱ्याला दिसत नाहीत. शिवाय ते आज दिसतात, उद्या लोपतात. तेव्हा काचपट्टी जनावरापाशीच, ताज्या रक्ताची करावयास हवी. रंगाचा गाळ काचेवर राहिला तर तोही हुबेहूब ठिपक्यांसारखा दिसतो, ही आणखी एक पंचाईत. पीसीआर नावाची जनुकपरीक्षा अधिक खात्रीची. पण ती दूरच्या शहरात.

गंमत अशी, की गडचिरोली जिल्ह्यात मलेरियामुळे काचपट्टी लहान पोरालाही ठाऊक आहे. तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरताना गावाने शेकडो वेळा पाहिले आहे. गावातल्या गावात काच होती. नळी एसटीत घालणारा शहाणा मीच!

जंतू स्वतः पेशी फोडतो त्यापेक्षा शरीरच आपल्या कलंकित पेशींचा अधिक संहार करते. पाणथरी त्या गाळून काढते. कुत्र्यांत ह्याचा भाऊबंद आहे, मायकोप्लाझ्मा हीमोकॅनिस. पाणथरी शाबूत असलेल्या कुत्र्यात तो बहुधा मुकाट राहतो. ती काढून टाकली, किंवा दुसरा रोग जडला, की डोके वर काढतो. गाईंत, डुकरांत, मेंढ्यांतही ह्या कुळातील जाती आहेत. डुकरांची पिले त्यामुळे फिकी आणि पिवळी पडतात.

मुकाट राहणाऱ्या रोगाची भीती मला अधिक वाटते. गीरच्या जंगलात २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू आणि गोचिडीतून येणारा बाबेसिया हा रक्तातील परोपजीवी, दोन्ही आढळले. बाबेसिया निराळा, पण धडा आमच्या कामाचा. रानमांजरे, लिंक्स, आफ्रिकेतले सिंह ह्यांच्या रक्तात मायकोप्लाझ्मा सापडलेले आहेत. भामरागडशेजारी हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. आमटे पतिपत्नींनी तेथे अनाथ रानजनावरे, बिबटेदेखील, सांभाळली. गावच्या कुत्र्यामांजरांचे रक्त आणि रानाचे रक्त ह्यांमधली वेस तेथे फार बारीक आहे.

पसरतो कसा? रक्त दिल्याने नक्की पसरतो. पिसवांवर, गोचिडींवर आणि बोक्यांच्या मारामाऱ्यांवर संशय आहे. मलेरिया मात्र कुत्र्यामांजरांकडून आपल्याला येत नाही.

बाईंनी पुढे एक मांजरी पाळली. तिच्या हिरड्या फिकट दिसताच त्या तडक निरोप घेऊन आल्या, आणि मी त्यांच्या ओसरीवर बसून काचपट्टी केली. तांबड्या पेशींच्या कडेला निळसर ठिपके मण्यांच्या माळेसारखे दिसले. तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन दिले. गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते, म्हणून प्रत्येक गोळीमागून चमचाभर पाणी. मांजरी बरी झाली. जंतू मात्र बरे झालेल्या जनावरातही लपून राहू शकतो. तिचे रक्त दुसऱ्या मांजराला कधी द्यावयाचे नाही, एवढे मी बाईंच्या वहीत लिहून ठेवले.