संत्र्याचे पान आणि यंत्राची बुद्धी

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झालेल्या पांढुर्णा-सौंसर भागातील ज्या घरांमधून आजचे स्नातक पदवी घेण्यास आले आहेत, त्यांपैकी अनेक घरांचे वर्ष आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांवर चालते. म्हणून कृत्रिम बुद्धी मानवी बुद्धीसारखीच असावी लागते काय, हा प्रश्न येथे संत्र्याच्या पानावरच तपासून पाहणे उचित ठरेल.

अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली यंत्राच्या विचारशक्तीची कसोटी माणसासारख्या संभाषणात शोधली, आणि माणसासारखे असणे म्हणजेच बुद्धिमान असणे ही समजूत रूढ झाली. १९९७ मध्ये गॅरी कास्पारॉव्ह यांना हरवणारे डीप ब्लू मात्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होते; कोणताही बुद्धिबळपटू असा खेळत नाही. साधर्म्याचा आग्रह तेव्हाच सुटायला हवा होता.

जाणता बागायतदार पिवळे पान पाहतो तेव्हा खोडाला डिंक सुटला आहे काय हेही पाहतो, बुंध्याजवळची माती उकरून तंतुमुळे कुजली आहेत काय हे बोटांनी चाचपतो, आणि यंदा बागेला पाण्याचा ताण किती बसला हे त्याच्या ध्यानात असते. प्रतिमा ओळखणाऱ्या यंत्रापुढे यातले काहीच नसते. छायाचित्रातील प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचे आकडे त्याला मिळतात, आणि हजारो नमुन्यांवरून त्या आकड्यांच्या ठेवणीला रोगाचे नाव जोडण्याचा सराव, म्हणजेच यंत्रशिक्षण, त्याला दिलेले असते.

प्लांटव्हिलेज या चोपन्न हजारांहून अधिक पानांच्या छायाचित्रसंग्रहावर शिकवलेल्या यंत्राने, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच संग्रहातून वेगळी ठेवलेली पाने ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखली. पण निराळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे समोर येताच अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर घसरली. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, त्या संग्रहातील संत्र्याची सगळीच पाने सायला किडीमुळे पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाची होती. पांढुर्ण्याच्या बागेतले टवटवीत पान त्या यंत्रापुढे धरले असते, तरी ‘निरोगी संत्रा’ असे उत्तर देण्याची सोयच त्याच्याजवळ नव्हती.

यंत्राची रीत मानवी नव्हती म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही, कारण निरोगी पान कधीच न दाखवता शिकवलेला माणूसही अडखळला असता. फरक इतकाच की, हे पान ओळखीचे नाही, असे त्याने बहुधा बोलून दाखवले असते. कृत्रिम बुद्धीकडून आग्रहाने मागावे ते एवढेच: तिने हवा तसा विचार करावा, पण आपल्या माहितीची हद्द संपली की तसे सांगावे, कारण तिच्या शब्दावर विसंबून झाड उपटले गेले तर नुकसान बागायतदाराचे होते.

अशी यंत्रे शिकवण्यासाठी ताणावरची, दोन्ही बहारांतली, डिंक्या लागलेल्या झाडांची आणि पूर्ण निरोगी पाने, कडक उन्हात तसेच ढगाळ दिवशी, येथल्या बोलीतील नावांसह टिपावी लागतील. ते करू शकणारे पदवीधर याच सभागृहात बसले आहेत, आणि पडताळणीसाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था येथून फार दूर नाही.