घर्षण : वैरी आणि रक्षक



बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रचालक घर्षणाला वैरी मानतो, आणि ते योग्यच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की गतीला विरोध होतो, धातू झिजतो आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणूनच आपण बेअरिंगला वंगण घालतो.

परंतु पाळी संपवून हाच कामगार दुचाकीवरून नागपूरच्या महामार्गाला लागला, की तेच घर्षण त्याचे रक्षक ठरते. ब्रेक चाकाला रोखतो. वाहनाला मात्र थांबविते ती टायर व रस्ता यांमधील पकड. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते. पावसात तो ०.४ वर आला, तर ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट केल्यास हे अंतर चौपट होते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक दाबण्यापूर्वी सेकंदभर गेला, तर जवळजवळ १७ मीटर अंतर कापले जाते, ते वेगळेच.

येथून जाणाऱ्या नागपूर-वर्धा लोहमार्गावर पोलादी चाक व पोलादी रूळ यांतील पकड याहूनही कमी असते. त्यामुळे चालकाला समोर माणूस दिसला, तरी भरधाव गाडी जागच्या जागी थांबू शकत नाही.

निसर्गाचा नियम बदलणे आपल्या हाती नाही. झिजलेला टायर वेळीच बदलणे, पावसात वेग आवरणे आणि रूळ ओलांडताना उतावीळ न होणे, हे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.