मूल भाषा कोठून घेते?



मंडळाच्या पन्नाशीच्या आनंदात आपणां सर्वांच्या मनात एक चिंता आहे : आपली नातवंडे मराठी बोलतील काय? तिचे उत्तर शोधण्यापूर्वी मूल भाषा शिकते कसे, हे पाहिले पाहिजे.

मूल केवळ ऐकलेले पुन्हा म्हणत नाही. तीन वर्षांचे मूल 'मी करलं' म्हणते, तेव्हा ते रूप घरात कोणी वापरलेले नसते. 'बसलं', 'पडलं' ऐकून त्याने नियम स्वतःच बांधलेला असतो. त्यास आपण हसतो. वस्तुतः तो बुद्धीचा पराक्रम होय.

मात्र ही शक्ती खाद्यावाचून टिकत नाही. वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले की, इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या तान्ह्यांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद कळतो; वर्ष भरत येते तो बहुतेकांना तो कळेनासा होतो. पुढे २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकविली. समोर बसून खेळविणाऱ्या माणसाकडून बारा बैठकींत जे साधले, ते चित्रफितीवरून तेच ऐकणाऱ्यांना साधले नाही. भाषा माणसाकडून माणसाकडे जाते.

तंजावरकडे पाहा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले. १८५५ साली ते लयास गेले. तरीही तमिळ मुलखातील कित्येक घरांत मराठी बोलली जात राहिली. सरफोजीराजांच्या काळचा, १८०३चा मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या भिंतीवर आहे. परंतु तंजावरची मराठी जगली ती स्वयंपाकघरात आणि माजघरात. तीत तमिळ शब्द मिसळले, म्हणून ती मराठी उरली नाही, असे कोण म्हणेल?

तेव्हा मंडळाचा रविवारचा वर्ग अवश्य असावा. तो अक्षरओळख करून देईल. पण आठवड्यातील एक तास घराची जागा घेऊ शकत नाही. दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, ही भीती निराधार आहे. तिच्यापायी आपण घरातली मराठी सोडू नये. लाड मराठीत करावेत, रागवावेही मराठीतच. नातवाने हिंदीत उत्तर दिले, तरी आजीने आपले बोलणे मराठीतच चालू ठेवावे. आणि त्याच्या तोंडून मोडकी मराठी आली, तर कोणी हसू नये; हसण्याने मूल गप्प होते, आणि गप्प झालेल्या घरात भाषा राहत नाही.