युद्ध आणि अनुमोदना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा गोषवारा)



मी कापडाचा व्यापारी. युद्धशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तथापि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हापासून दूरचित्रवाणीवरील युद्धविषयक चर्चा मी ऐकत आलो आहे. नाटो दाराशी आल्यामुळे पुतिन यांच्यापुढे अन्य मार्गच उरला नव्हता, असे कित्येक निवृत्त सेनाधिकारी ठासून सांगत. पेढीवर बसून मीही तेच मत ग्राहकांना ऐकवीत असे.

१ मार्च २०२२ रोजी खारकीव्ह येथे कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थी तोफमाऱ्यात मृत्युमुखी पडला. खाद्यपदार्थ आणण्यासाठी तो बाहेर पडला होता. ती वार्ता वाचली आणि माझेच वाक्य मला बोचू लागले. त्या मुलाच्या वडिलांसमोर मी ते उच्चारू शकलो असतो काय?

२००८ च्या बुखारेस्ट परिषदेत नाटोने युक्रेनला भावी सदस्यत्वाचे आश्वासन दिले, हे खरे. त्याविषयी रशियाची तक्रार असू शकते. परंतु तक्रार असणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या घरात शस्त्र घेऊन शिरणे वेगळे. युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य केले, तेव्हा ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशियाने त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी वचन दिले होते. २०१४ मध्ये क्रिमिया बळकावून ते मोडले. बाजारात लेखी शब्द मोडणाऱ्याची पत उरत नाही. मग येथे त्याला मुत्सद्दी का म्हणावे?

पुढे ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोत सामील झाला. रशियाशी त्याची सीमा तेराशे किलोमीटरहून अधिक आहे. तरीही रशियाने त्याच्यावर सैन्य धाडले नाही. मग नाटो हेच एकमेव कारण कसे? जुलै २०२१ च्या लेखात पुतिन यांनी रशियन व युक्रेनियन हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले होते. तो लेख हे भाष्यकार क्वचितच उल्लेखितात.

आपल्या आचार्यांनी गृहस्थासाठी विरोधी हिंसा आणि संकल्पी हिंसा असा भेद केला आहे. स्वसंरक्षणार्थ नाइलाजाने घडते ती विरोधी, हेतुपुरस्सर केली जाते ती संकल्पी. हे भाष्यकार संकल्पी हिंसेला विरोधी हिंसेचे वस्त्र नेसवितात. कोणी अनेकान्ताचा दाखला देईल. अनेकान्त प्रत्येक बाजू समजून घ्यावयास सांगतो. आक्रमक आणि आक्रमित यांना एकाच गजाने मोजावयास सांगत नाही.

सेनाधिकाऱ्यांनी रणनीती अवश्य समजावून सांगावी. ते त्यांचे क्षेत्र आहे. परंतु ते समर्थन करू लागले की आपण विचारावे : वचन कोणी मोडले? कोणाच्या भूमीवर युद्ध चालले आहे? हाच न्याय आपल्या सीमेवर लागू केला तर चालेल काय?

कृत, कारित आणि अनुमोदित, हिंसेची ही तीनही द्वारे आपण जाणतो. पेढीवर बसून मी जी अनुमोदना केली, तिच्याबद्दल आपणा सर्वांसमक्ष अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!