मोडलेली टाळू, बांधलेला जबडा

जिभेचें टोक वरच्या दांतांच्या मागून हळूहळू घशाकडे न्यावें. मधोमध एक बारीकशी उंच रेघ जिभेला लागते. मनुष्याचा वरचा जबडा डाव्या व उजव्या अशा दोन हाडांचा असतो आणि त्यांचा सांधा या रेघेवर असतो. त्यांच्या मागें टाळूचीं दोन लहान हाडें येतात. अशा चार तुकड्यांचें हें छप्पर. खालीं तोंड, वर नाक. तें सहजासहजीं फुटत नाहीं. फुटलें, तर आघात जबर झाला असें खुशाल समजावें.

यवतमाळ जिल्ह्यांत असा आघात होण्याचें ठिकाण म्हणजे रस्ता. नागपूरहून दक्षिणेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून आदिलाबादकडे उतरतो. हंगामांत त्या बाजूच्या आडरस्त्यांवर कापसाच्या गाड्या रात्रीं-अपरात्रीं चालतात. शिरस्त्राणावांचून मोटारसायकलीवर बसलेला तरुण अशा गाडीवर आदळला, तर पहिला मार चेहऱ्यावर बसतो. चेहऱ्याचीं हाडें ठराविक रेषांवर मोडतात, हें रने ल फोर या फ्रेंच शल्यवैद्यानें १९०१ सालीं दाखवून दिलें. टाळूची चीर पुष्कळदां अशाच मोठ्या मोडीबरोबर येते.

अशा वेळीं पहिली काळजी टाळूची नव्हे, श्वासाची. रक्त व तुटलेले दांत घशांत उतरून रोगी गुदमरतो. त्याला उताणा ठेवूं नये. मान न पिळतां सबंध शरीर एका कुशीवर वळवावें. तोंडांत पाणी ओतणें तर सर्वथा वर्ज्य. पुढच्या दोन दांतांमध्यें नवी फट पडली, टाळूवर जखम किंवा काळानिळा डाग दिसला, दांत पूर्वीसारखे जुळेनासे झाले, तर टाळू मोडल्याचा संशय घ्यावा.

मोडलेल्या हातास फळी बांधतात. टाळूस फळी कोठें बांधणार? उत्तर दांतांपाशीं आहे. खालचा जबडा शाबूत असेल, तर तोच वरच्या जबड्याचा साचा होतो. दोन्ही दंतपंक्तींवर धातूची लवचीक पट्टी बसवून ती बारीक पोलादी तारेनें दांतादांतांस आवळतात. मग वरच्या व खालच्या पट्ट्या रबरी कड्यांनीं किंवा तारेनें एकमेकींस जोडतात. तोंड मिटलेल्या स्थितींत सुमारें चार ते सहा आठवडे राहतें आणि तेवढ्या अवधींत हाड सांधतें.

कल्पना जुनी आहे. निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून पंचांगी बंधानें बांधावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. दांत हललेल्या तरुण रोग्यास कमळाच्या देंठानें दूध पाजावें, हेंही तेथेंच आहे. ज्यांस दांतच नाहींत, त्यांच्यासाठीं न्यूयॉर्कचे दंतवैद्य गनिंग यांनीं हिरड्यांवर बसणारे साचे केले. १८६५ सालीं गाडीच्या अपघातांत जबडा मोडलेल्या सीवर्ड या अमेरिकन मंत्र्यांवर त्यांनींच उपचार केले. आजही वृद्ध रोग्याची कवळी या कामीं येते. म्हणून मोडकी कवळीसुद्धां फेंकून न देतां सोबत न्यावी.

टाळू मधोमध चिरली असेल, तर मात्र नुसती तार पुरत नाहीं. तार आवळतांना दोन भाग आंत कलतात किंवा बाहेर पसरतात. म्हणून दांतांचा ठसा घेऊन प्लास्टरची प्रतिकृति करतात. ती चिरेवर कापून, खालच्या दांतांशीं जुळवून पुन्हा जोडतात आणि तिच्यावर टाळूला बसणारी अॅक्रिलिकची पट्टी घडवितात. कांहीं रोग्यांच्या हाडांवर टायटॅनियमच्या लहान पट्ट्या स्क्रूंनीं बसवितात. त्यामुळें तोंड लवकर मोकळें करतां येतें.

खर्रा खाणाऱ्याची अडचण निराळी. सुपारीमुळें ज्याचें तोंड आधींच आंखडलें आहे, त्याच्या दांतांचा ठसा घेणें व तार ओवणें, दोन्ही कठीण होतें.

तोंड बांधलेल्या रोग्याचा खरा कस घरीं लागतो. दूध, ताक, वरणाचें पाणी, गाळलेली पेज थोडी थोडी, पुष्कळ वेळां द्यावी. प्रत्येक वेळीं चूळ भरून तारा स्वच्छ ठेवाव्या. उशाशीं तार कापण्याची कात्री असावी आणि ओकारी येऊन जीव घुसमटला तर कोणती तार कापावी, तें घरच्या एका तरी माणसानें डॉक्टरांकडून शिकून घ्यावें.

यवतमाळास वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. नागपूर व सावंगी येथें दंतमहाविद्यालयेंही आहेत. सूज उतरेल मग पाहूं, या विचारानें आठवडे दवडले, तर हाड वांकडेंच सांधतें आणि घांस चावण्याचें साधें सुख दुरावतें. तोंडांतलें रक्त थांबलें म्हणजे दुखणें संपलें असें नव्हे. दांत जुळले कीं नाहीं, हें त्याच दिवशीं जाणत्या डॉक्टरांस दाखवावें.