दुखणे अंगावर काढू नका

बंधूंनो, आणि मागे बसलेल्या मायबहिणींनो, जरा पुढे या. आज बोलायचे आहे ते तुमच्याच बद्दल.

बैल लंगडला तर आपण काय करतो? त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर बोलावतो. घरचा कर्ता पुरुष तापाने फणफणला तर दवाखाना गाठतो. आणि बाई कंबर धरून बसली तर? ती म्हणते, "काही नाही, होईल बरं." घरचेही म्हणतात, "होईल बरं." यालाच आपण दुखणे अंगावर काढणे म्हणतो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ती माहिती छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना बायकांचा एखादा तरी आजार होता. आणि या आजारांसाठी पूर्वी कधी तपासून घेतलेल्या किती? शंभरात अवघ्या ८.

असे का व्हावे? दुखते ते शरीर. पण दवाखान्यात न्यायचे की नाही, हे घर ठरवते. बाईच्या हाती पैसा नसतो. रोज बुडतो. सोबतीला कोणी नसते. आणि त्याहून मोठी अडचण लाजेची. अंगावरून पांढरे जाते, पाळीत रक्त फार जाते, हे सांगायचे कोणाला? मंडळी, आजाराला लाज कसली?

आता रक्ताचे पाहू. २०१९ ते २०२१ या काळात देशभर पाहणी झाली. १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी होते. त्याच वयाच्या पुरुषांत हा आकडा शंभरात २५ होता. पाळीत रक्त जाते, बाळंतपणात जाते. म्हणून बाईला लोह जास्त लागते. पण ती जेवते सर्वांच्या शेवटी. तोवर भाजी संपलेली असते, डाळीचा तळ उरलेला असतो. ज्या अंगाला जास्त हवे, त्यालाच कमी मिळते.

मग करायचे काय? आशाताईंना विचारा. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मिळतील, त्या नेमाने घ्या. गोळीबरोबर चहा नको. लिंबाचे पाणी चालेल. गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊ नका. आणि पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

बाप्यांनो, तुम्हालाही सांगतो. बायको दुखते म्हणाली, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. त्यात कमीपणा नाही. आणि आज रात्रीपासून सगळे एका पंगतीला बसा. तिने आधी जेवावे असे मी म्हणत नाही. बरोबरीने जेवावे, एवढेच म्हणतो.